एक तार, दोन घरं

बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड 14 जानेवारी 2005 ला सुरू झालं. मोठ्या शहरांतून ते जिल्ह्याच्या गावी आणि तिथून तालुक्याला येईपर्यंत आम्ही पोरं एसटीनं लातूरला जाऊन कॅफेत तासावर पैसे मोजत होतो. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता ते डायलअपचा 172233 फिरवायचे. मॉडेम किंचाळायचं, आणि नेट चालू असेतोवर फोन एंगेज. मामाचा फोन लागला नाही की दुसऱ्या दिवशी घरात पंचनामा. त्यामुळे फोन आणि नेट एकाच तारेवर एकाच वेळी चालणार हे कळलं तेव्हा पोरांपेक्षा बायामाणसंच जास्त खूष झाली.

आमच्या रेणापूरच्या घरात मात्र अडचण वेगळी होती. आमचे चुलते अण्णा आणि आमचे वडील कधीच वेगळे झाले होते. शेत वाटलं गेलं, गुरं वाटली गेली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. फोन तेवढा आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या नावावर राहून गेला. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेला फोन. तो कुणाच्या नावावर करायचा हा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. रिंग अण्णांच्या ओसरीवर वाजायची आणि फोन आमचा असला की हाक यायची. अशी घरं दोन, फोन एक असलेली कुटुंबं आमच्या ओळखीत बरीच होती. ब्रॉडबँड घ्यायचं तर त्याच फोनवर घ्यावं लागणार. कॉम्प्युटर मात्र दोन: एक आमच्याकडं, एक दादाकडं, म्हणजे अण्णांच्या थोरल्याकडं.

मॉडेमला मागं दोन तोंडं होती, एक यूएसबीचं आणि एक लॅनचं. लाइनमननं बसवून देताना दोन्हीपैकी काहीही एक लावा म्हणून सांगितलं होतं. दोन्ही लावली तर काय होतं हा प्रश्न त्या काळात बहुतेक सगळ्या पोरांना पडला असणार. नुसतं लावून चालायचं नाही. कॉम्प्युटरवरून आयडी-पासवर्ड टाकून कनेक्ट केलं तर नेट त्या एकट्यालाच मिळायचं. मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकायचं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन लिहून आत शिरायचं आणि आयडी-पासवर्ड मॉडेमच्याच पोटात भरून ठेवायचे. म्हणजे कनेक्ट मॉडेम व्हायचं आणि दोन्ही कॉम्प्युटर त्याच्याकडून घ्यायचे. ज्यांच्या मॉडेमला एकच तोंड होतं त्यांनी एका कॉम्प्युटरला दोन लॅनकार्डं बसवून दुसऱ्याला त्यातून नेट दिलं. त्यात पहिला कॉम्प्युटर चालू असेल तरच दुसऱ्याला नेट. भावाभावांत अबोला असेल तर ही पद्धत कामाची नव्हती.

यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढं चालत नाही, लॅनची शंभर मीटरपर्यंत जाते. म्हणून जवळच्या दादाला यूएसबी आणि आम्हाला लॅन, हे आपोआपच ठरलं. पण मधली भिंत जुनी, दगडमातीची, दोन हात जाड. त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपानंतर अशा भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की मोठी माय, म्हणजे आजी, हात जोडायची. "भित्ताडाला हात लावू नका रे बाबांनो." मग वायर माळवदावरून, कडेकडेनं आणली. वायर लातूरहून आणली होती, पण टोकं दादानं घरीच बसवली. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा बोटांत सपाट धरायच्या, टोकं एका रेषेत कापायची आणि प्लगमध्ये सारून क्रिम्पर दाबायचा. एकही तार मागं राहिली की "नेट चालंना गेलंय." हा रंगांचा क्रम तेव्हाच्या कितीतरी पोरांना आजही झोपेतून उठवून विचारला तरी येईल. नोकरीला त्याचा उपयोग झालेलेही आहेत.

वेग सुरुवातीला 256 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 32 केबी. सरकारच्या 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला एवढाच वेग पुरेसा होता. चार एमबीचं गाणं एकट्यानं उतरवलं तर दोन मिनिटं. पलीकडच्या घरात कुणी ऑर्कुट उघडलं की ते रेंगाळायचं. महिन्याच्या डेटाला मर्यादा, पण रात्री 2 ते सकाळी 8 मोकळं. सातशे एमबीचा सिनेमा उतरायला सव्वासहा तास लागायचे आणि सवलत सहाच तासांची, त्यातही दोघांनी एकदम लावलं तर कुणाचाच पुरा व्हायचा नाही. मग पाळ्या आल्या: आज तुझी रात्र, उद्या माझी. विहिरीच्या पाळ्यांसाठी भांडलेल्या घरात ह्या पाळ्या पोरांनी आपसात न भांडता लावल्या, ह्याचं मला अजून नवल वाटतं. अर्थात भारनियमन दोन्ही पाळ्यांना सारखंच नडायचं. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं कुईकुई करायचा, तेवढ्यात डाउनलोड थांबवून ठेवायचं.

वळवाच्या दिवसांत आभाळ कडाडलं की आधी मॉडेमची टेलिफोनची वायर काढायची. तांब्याची तार गावभर खांबांवरून फिरून घरात आलेली. वीज जवळ कुठं पडली तरी तिचा झटका थेट मॉडेमपर्यंत. "वायर काडली का रे?" ही हाक पावसाच्या पहिल्या थेंबाआधी दोन्हीकडून यायची.

बारावीच्या आणि सीईटीच्या निकालाला दोन्ही कॉम्प्युटरसमोर गल्ली जमायची. लातूरच्या कॉलेजांना रोज जाऊन-येऊन शिकणारी पोरं, त्यांचे वडील, हातात सीट नंबरची चिठ्ठी. एकाचं पान उघडलं की दुसरीकडं ओरडून सांगायचं.

बिलाचं मात्र कधी धड जमलं नाही. किती एमबी खर्च झाले ते त्यात एकत्र यायचं, कुणी किती ते नाही. मर्यादा ओलांडली की वरच्या प्रत्येक एमबीला पैसे, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या पोरांकडं बोट दाखवायची. शेवटी अण्णांच्या घरच्या काकूंनी निकाल दिला: बिल अर्धंअर्धं, कुणी काय उतरवलं ते विचारायचं नाही. नवरात्रात गावच्या रेणुकादेवीला आलेल्या पाहुण्यांनी जे काय वापरलं ते तेवढं अण्णांच्या माथी, कारण पाहुणे आधी त्यांच्या ओसरीवर टेकायचे.