नोंदीबाहेर

जात चाललेल्या गोष्टींची ही यादी.

शेवळं. पावसाच्या तोंडावर डहाणू-कसाऱ्याकडच्या बाया लोकलने बाजारात आणतात. जांभळट कोंबांच्या जुड्या, सोबत काकडाची मूठभर आंबट फळं. काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो. आतल्या दांडीचा पिवळा भाग खुडून टाकायचा, हे बाई जुडी सोडून दाखवते. हल्ली ऐकून घेणारं गिऱ्हाईक कमी. भाव करतं आणि निघतं.

कवळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात न घालायचा वारल्यांचा नेम. कोवळ्या पानाला तेवढीच मुदत मिळते.

वारल्यांची लग्नं लावणारी धवलेरी. तिचं सगळं पाठांतर तोंडी.

कैकाड्याची कणगी. कुठल्या झाडाचा फोक वाकतो, कुठला मोडतो, ओला किती दिवस चालतो, हे हाताला कळलेलं. पत्र्याची कोठी आली, प्लास्टिकची टोपली आली. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ 1980 मधलं. फोक आणि टोपल्या त्यात पानोपानी. ग्रंथालयात ते आत्मचरित्रांत लावतात. निसर्गाच्या कपाटात ठेवायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्यात दुर्बीण नाही.

तितराला त्याच्याच आवाजात बोलावणारा फासेपारधी. इंग्रजांनी जमातच गुन्हेगार ठरवली. शिक्का 1952 मध्ये कायद्यातून निघाला, पोलीस चौकीतून नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने फासही गेला. तितरासाठी ते बरंच झालं. पण माळावरच्या पाखरांचं त्याचं ज्ञान कुणी उतरवून घेतलं नाही. पक्ष्यांवरच्या पुस्तकात तो आलाच तर ‘स्थानिक माहीतगार’ म्हणून, आभाराच्या शेवटच्या ओळीत.

जात्यावरची ओवी. गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी लाखावर ओव्या गोळा केल्या, गाणारणीच्या नावागावासकट. पाऊस, शेत, बैल सगळं त्यात आहे. म्हणजे नाव लिहून घेणं एवढं अवघड नसतं.

राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं वालाचं बी. देशी बी जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंमुळे ही नोंद तूर्त खोडायची नाही.

ओढ्याचं खालचं अंग. वरती गाव पाणी भरणार, त्याखाली गुरं, त्याहून खाली महारवाडा. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. या यादीतली ही एकच गोष्ट, जी साफ जावी. ओढ्या-नद्यांवरच्या आपल्या ललित लेखांत मात्र बहुतेक वरचंच अंग आलंय.