एका बटणाचा मोह

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकात पाऊस येतो, आई येते, एस.टी.चा प्रवास येतो आणि परीक्षा तर येतेच येते. पण घरोघरी उशाशी, खाटेखाली, कधी पिठाच्या डब्यावर सापडणारी रिमोट नावाची वीतभर काळी कांडी साहित्यात अद्याप उपेक्षितच राहिली आहे. वास्तविक तिचे लाड किती! तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळतात, वरून रबर लावतात, सेल उतरले की पाठीवर थापट्या मारतात, सेल उन्हात ठेवून पुन्हा बसवतात. एवढी सेवा आपण घरातल्या वडीलधाऱ्यांची तरी करतो का, असा प्रश्न कोणी विचारला तर आपली पंचाईत होईल.

या कांडीशी माझी ओळख गरजेतून झाली. नायगावात आमच्या घरी जुना, पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि त्याला जोडलेली दूरदर्शनच्या फ्री डिशची पेटी आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही, म्हणून आमच्यासारख्यांच्या पत्र्यावर ती छत्री दिसते. टीव्हीचा रिमोट वेगळा, पेटीचा वेगळा. त्यांतला टीव्हीचा रिमोट धाकट्या भावाच्या कृपेने एके दिवशी नाहीसा झाला आणि बापूंनी बाजारातून एक 'युनिव्हर्सल' रिमोट आणला. त्याच्याबरोबर घडी घातलेला एक कागद होता. त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत कंपन्यांची नावे आणि प्रत्येकीपुढे तीन आकडी क्रमांकांची रांग. कागद सरळ माझ्या हातात आला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद, मग तो बँकेचा असो, खताच्या पोत्याचा असो की दवाखान्याचा, शेवटी माझ्याकडेच येतो.

कृती सोपी होती. सेट लिहिलेले बटण दाबून धरायचे. वरचा तांबडा दिवा स्थिर झाला की क्रमांक टाकायचा. दिवा विझला की रिमोट टीव्हीकडे रोखून पाहायचे. टीव्ही ऐकत नसेल तर पुढचा क्रमांक. आमच्या टीव्हीने अकराव्या क्रमांकाला मान तुकवली. तेव्हापासून गल्लीतले लोक आपापले रिमोट घेऊन आमच्याकडे येऊ लागले. कोणाचा रिमोट जिवंत आहे आणि कोणाचा मेलेला, हे मी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून दाखवते. त्याच्या नाकातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण बहुतेक मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात तो जांभळट चमकतो. लहान मुले ते पाहायला गर्दी करतात.

एकाच कंपनीपुढे दहा-पंधरा क्रमांक का, हा प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देईना. वाचले तेव्हा उलगडा झाला. हा तीन आकडी क्रमांक टीव्हीला कधी सांगितलाच जात नाही! तो केवळ रिमोटच्या पोटातल्या यादीचा क्रमांक. आपण ग्रंथालयात दाखल क्रमांक सांगतो, ग्रंथपाल पुस्तक काढून देतात. पण पुस्तकातला मजकूर म्हणजे काही तो क्रमांक नव्हे. कंपनीने वेगवेगळ्या काळी वेगवेगळे भाग घालून टीव्ही केले, त्यांची बोली बदलत गेली, म्हणून तिच्यापुढे इतके क्रमांक.

ही बोली कशी असते? विज्ञान शाखेच्या मित्रांनी हसू नये. मी माझ्या भाषेत सांगते. एनईसी नावाची एक प्रसिद्ध पद्धत आहे. तीत रिमोटचा दिवा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. प्रथम ९ मिलिसेकंद असा लुकलुकाट, मग ४.५ मिलिसेकंद अंधार. म्हणजे 'अहो, ऐका' अशी हाक. पुढे आठ खुणांत यंत्राचा पत्ता, लगेच तोच पत्ता उलटा करून, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य घालून. मग आठ खुणांत हुकूम आणि तोही पुन्हा उलटा. दोन्ही जुळले तरच टीव्ही हुकूम मानतो. हे सारे ७० मिलिसेकंदांच्या आत उरकते. फिलिप्स कंपनीची आरसी-५ ही दुसरी पद्धत. तिची लय ३६ हजारांची. पत्त्याला पाच खुणा, म्हणून ३२ पत्ते, आणि हुकमाला सहा, म्हणून ६४ हुकूम. आमच्याकडे देगलूर-बिलोलीच्या बाजारात मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी बसतात आणि व्यापाऱ्याला दोन्ही बोलता येतात. युनिव्हर्सल रिमोट हा तसाच व्यापारी. टीव्हीला मात्र एकच भाषा येते.

रिमोटचा इतिहासही गमतीचा आहे. १९५० साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने पहिला रिमोट काढला तो वायरने बांधलेला होता. १९५६ साली त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी ॲल्युमिनियमच्या कांड्यांवर हातोडी पडून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघेल असा रिमोट केला. त्याला सेलही लागत नसत. आणि १९८७ साली ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी दुसऱ्या रिमोटांकडून शिकून घेणारा 'कोअर' नावाचा रिमोट बाजारात आणला.

असाच एक शिकाऊ रिमोट आमच्या घरी आला. माझे मामा हैदराबादला मिस्त्रीकाम करतात. तिथल्या कोठी भागातल्या बाजारातून त्यांनी तो जुना म्हणून स्वस्तात आणला. दोन रिमोट दोन बोटांच्या अंतरावर नाकाला नाक लावून ठेवायचे. गुरूने बोलायचे, शिष्याने पाठ करायचे. पण त्याची खरी करामत पुढेच होती. त्यावर एक मॅक्रोचे बटण होते. मॅक्रो म्हणजे हुकमांची माळ: अनेक बटणे एका क्रमाने एकाच बटणात ओवायची, मध्ये थांबण्याचा वेळही भरायचा. यंत्र जागे होत असताना सांगितलेले वाया जाते, म्हणून हे थांबणे महत्त्वाचे. मी माळ ओवली: टीव्हीचे बटण, विराम, पेटीचे बटण, मोठा विराम, मग मायच्या आवडत्या वाहिनीचा क्रमांक. माय शाळेत गेलेली नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून आल्यावर तिने एक बटण दाबावे आणि चित्र समोर यावे, एवढीच माझी इच्छा. चित्र आले. बंद करायलाही तेच बटण. पंधरा दिवस घरात माझे कौतुक चालले होते.

एका संध्याकाळी मी नांदेडला विद्यापीठाच्या कामाला गेले होते. लाईट गेली आणि आली. आमची पेटी अशी आहे की लाईट आली की ती आपोआप जागी होते. टीव्ही मात्र झोपूनच राहतो. माळेतल्या हुकमाचा अर्थ 'चालू हो' असा नसतो. 'जागा असशील तर झोप, झोपला असशील तर जाग' असा असतो. मायने बटण दाबले: टीव्ही जागा झाला, पेटी झोपली. पुन्हा दाबले: पेटी जागी झाली, टीव्ही झोपला. शंभर वेळा दाबले तरी दोघे एकदम जागे होणे नाही! महागड्या यंत्रांत चालू आणि बंद यांचे वेगळे हुकूम असतात. आमच्या यंत्रांत ते नाहीत. माय तासभर निळ्या पडद्यापुढे बसून राहिली.

मी रात्री आल्यावर कारण ओळखले आणि पेटीचे बटण एकदा दाबून दिले. माय म्हणाली, "पोरी, मला ते एक बटन नको. त्यात काय काय कोंबलंस ते सांग."

मी म्हटले, "माय, मी देते ना लावून."

"तू काय रोज घरी राहणार हाईस का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बी. ए. नंतर नांदेडला एम. ए. करावे असे मला वाटते. घरात अधूनमधून माझ्या लग्नाचाही विषय निघतो. काहीही झाले तरी दोन वर्षांनी मी या खाटेवर नसणार.

तीन रात्री आमची शाळा भरली. मायला अक्षर येत नाही, पण नोटांमुळे आणि एस.टी.मुळे आकडे ओळखू येतात. तिने आपल्या कुंकवाच्या डबीतून टिकल्या काढल्या. टीव्हीच्या बटणावर तांबडी, पेटीच्या बटणावर हिरवी. टीव्हीचे नाव 'थोरला' ठेवले, पेटीचे 'धाकटा'. आता लाईट येऊन गेली की ती पडदा पाहते, पेटीचा दिवा पाहते आणि म्हणते, "थोरला झोपलाय, धाकटा जागा हाय." मग ती फक्त तांबडी टिकली दाबते.

मला तेव्हापासून एक गोष्ट सारखी जाणवते. रिमोट बोलतो, पण ऐकत नाही. समोरचे यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला कळण्याची सोयच नसते. तो गृहीत धरून चालतो. पहिल्या वर्षी माझ्याही वाट्याला अशी गृहीते पुष्कळ आली. 'घरी मोठ्यांना विचारून विषय निवडा' असे कोणी आपुलकीने म्हणते. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण ज्या घरात विषय म्हणजे काय हेच विचारायला कोणी नाही, तिथे तो निरोप निळ्या पडद्यावर जाऊन थांबतो.

आणि घरात मी तरी दुसरे काय करीत होते? बापूंनी कागद द्यायचा, मी भरायचा, काम व्हायचे. २०२१ साली राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून आमच्या दोन एकरांतले सोयाबीन मोबाईलवर मीच नोंदवते. काम झटपट होते, पण आत काय ओवले आहे हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. आमच्या घराचे मॅक्रो बटण मी झाले आहे आणि लाईट केव्हा जाईल याचा नेम नाही.

म्हणून आता कागद आला की मी बापूंना शेजारी बसवते. सातबाऱ्यातला सात म्हणजे मालकीची बाजू आणि बारा म्हणजे पिकांची, हे त्यांना आता पाठ आहे. वेळ दुप्पट लागतो. बापू चिडतात, "तूच टाक की भरून" म्हणतात. मी विराम घेते, पण पेन त्यांच्याच हाती ठेवते.

परवा शेजारच्या मावशी नवा रिमोट आणि घडीचा कागद घेऊन आल्या. मी अभ्यासाला बसले होते. त्या मला हाक मारणार तोच मायने हात पुढे केला, "आन इकडं. आधी बघू, झोपलंय कोन."