माजघरातला कॅमेरा

माजघरातल्या कॅमेऱ्यातून पहिल्यांदा आवाज आला तेव्हा शेजारच्या भाभींच्या हातातलं सूप खाली पडलं. मे महिन्यातली दुपार होती. आम्ही दोघी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होतो. घरात पुरुष माणूस कोणी नाही म्हणून भाभींनी ओढणी काढून बाजूला ठेवली होती, केस मोकळे सोडले होते. आणि भिंतीवरून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

हे तेव्हा दुबईत होते. फोनच्या छोट्याशा पडद्यावर पाठमोरी बाई दिसली, ओळख पटली नाही, म्हणून विचारलं एवढंच. यांच्या मनात काही वावगं नव्हतं, हे मला ठाऊक आहे आणि भाभींनाही ठाऊक असणार. पण त्यांनी ओढणी ओढून घेतली ती डोळ्यांपर्यंत. "येते मी" म्हणाल्या आणि अर्धे तांदूळ तसेच टाकून निघून गेल्या.

कॅमेरा आमच्या घरात का आला, ते आधी सांगायला हवं. नाहीतर वाचक भगिनींना वाटेल, संशयी नवऱ्याची गोष्ट आहे.

आमचं गाव म्हसळा तालुक्यात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं. दुपारी काही तासांत आमच्या घराची निम्मी कौलं गेली, वाड्यातली नारळाची झाडं पडली, सुपाऱ्या तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. वीज गेली, टॉवर बंद पडले. अम्मी, मी आणि दोन मुलं असे आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतो, आणि हे दुबईत बातम्या बघत होते. बातम्यांत श्रीवर्धनचं नाव येत होतं, उडालेले पत्रे दाखवत होते आणि आमचा फोन बंद लागत होता. लॉकडाऊनमुळे नेहमीची विमानंही बंद. पाच दिवस यांना आमची काही खबर नव्हती. सहाव्या दिवशी माझा भाऊ मोटारसायकल घेऊन रेंज मिळेपर्यंत माणगावच्या दिशेनं गेला आणि रस्त्यातच उभं राहून त्यानं फोन लावला. सगळे सलामत आहेत, एवढं ऐकल्यावर पलीकडून बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज येत होता, असं भावानं मला नंतर सांगितलं. यांना रडताना मी कधी पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा बॅगेत खजूर, टॉर्च, अम्मींसाठी गुडघ्यांचं तेल आणि एक कॅमेरा होता. मुठीएवढा, पांढरा. वायफायवर चालतो, डोकं गोल फिरवतो, अंधारातही काळंपांढरं चित्र दाखवतो. यांनी तो माजघरात बसवला, कारण माजघरातून सगळ्या खोल्यांची दारं दिसतात. वीज आणि नेट गेल्यावर तो बंद पडणार, म्हणजे तशा वादळात त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. पाच दिवस काय सोसलं असेल, ते आठवून गप्प राहिले.

आणि सुरुवातीला बरंही वाटायचं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. हे फजरला उठायचे तेव्हा आमच्याकडे चहाची भांडी घासून झालेली असायची. कॅमेऱ्याचा मोटारचा बारीक किर्र आवाज यायचा, डोकं माझ्याकडे वळायचं, आणि मला कळायचं, यांना जाग आली. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात पण कॉल चालत नाही, त्यामुळे आम्ही बोटिमवर बोलतो. पण कॉलमध्ये बोलायला लागतं. काय जेवलात, मुलगा अभ्यास करतो का, गॅस आला का. कॅमेऱ्यात बोलावं लागत नाही. तो संसार नुसता चालू असलेला दाखवतो. यांना तेच हवं होतं.

मी मोबाइलच्या विरोधात नाही. मोबाइल म्हणजे शैतान, असं उठताबसता म्हणणारी माणसं घरी पैसे मोबाइलवरूनच पाठवतात. माझ्या फोनवर अजान होते, त्यात किब्ला दिसतो, मुलाच्या शाळेचा निरोप येतो. अजानची एक गंमत सांगते. आम्ही कोकणातले शाफई. ॲपमध्ये असरची वेळ हनफी हिशेबानं लागलेली होती, त्यामुळे आमच्या मशिदीत जमात होऊन लोक घरी यायचे आणि मग जवळजवळ तासाभरानं माझा फोन अजान द्यायचा. अम्मी म्हणायच्या, तुझा फोन सासरचा दिसत नाही. शेवटी मुलीनं सेटिंग बदलून दिलं.

पण भाभींच्या त्या दुपारनंतर घरात एक गोष्ट बदलली. कोणी भांडलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. बायका माजघरात येईनाशा झाल्या, एवढंच. पूर्वी जोहरनंतर तीनचार जणी हमखास यायच्या. कोणी शिवण घेऊन, कोणी पारा घेऊन, कोणी नुसती सुनेची गाऱ्हाणी घेऊन. आता त्या मागच्या दारानं यायच्या आणि चुलीपाशी, नाहीतर न्हाणीघराजवळच्या पायरीवर बसायच्या. कॅमेऱ्यावर मी फडकं टाकलं की थोड्या वेळानं फोन यायचा, "चित्र दिसत नाही, नेट गेलंय का?" मग मी खोटं बोलायची. मीही माझ्याच घरात भिंतीला धरून चालायला शिकले होते. कॅमेऱ्याला कोणता कोपरा दिसत नाही ते मला पाठ झालं होतं. नहाऊन बाहेर येताना दोन ओढण्या. नवराच तर बघणार, त्यात लाज कसली, असं मनाला समजावून झालं. पण नवरा समोर असतो तेव्हा तो बघतोय हे दिसतं. इथे तो बघतोय की नाही, हेच कळत नाही.

हे सगळं अम्मींच्या लक्षात आलेलं होतं. त्या एका संध्याकाळी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन बसल्या. त्यात माझ्या सासऱ्यांनी कुवेतहून पाठवलेल्या कॅसेटी आहेत, 1980 च्या सुमाराच्या. तेव्हा गावात फोन नव्हता. सासरे कॅसेट भरून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवायचे आणि ती आली की अख्खं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं. एक बाजू सगळ्यांची. सलाम कोणाकोणाला, कोणाला किती पैसे द्यायचे, आंब्याला खत घाला, मुलाला मदरशात पाठवा. "आणि दुसरी बाजू?" मी विचारलं. अम्मी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "दुसरी बाजू रात्री दार लावून ऐकायची. माझ्या सासूनं कधी विचारलं नाही त्यात काय आहे म्हणून." सत्तरी ओलांडलेली बाई, पण बोलताना नजर खाली गेली होती.

त्याच आठवड्यात बायकांच्या दर्समध्ये आलिमा आपांनी सूरह नूरमधला परवानगीचा भाग घेतला. दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच जावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्याच सूरहच्या 58 व्या आयतीत आपल्याच घरातल्या मुलांनी आणि सेवकांनीही तीन वेळांना परवानगी घेऊन आत यावं असं सांगितलं आहे, इकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. फजरच्या आधी, इशानंतर, आणि दुपारी माणसं कपडे सैल करून पडतात तेव्हा. दुपार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सूप आलं. मग आपांनी सहीह बुखारीतली हदीस सांगितली. एक माणूस भोकातून प्रेषितांच्या (स.) घरात डोकावत होता. प्रेषितांच्या (स.) हातात डोकं विंचरायची लोखंडी फणी होती. तू बघतो आहेस हे कळलं असतं तर ही तुझ्या डोळ्यात खुपसली असती, इतक्या कडक शब्दांत त्यांनी त्याला सुनावलं, आणि परवानगीचा हुकूम आहे तो नजरेमुळेच, असं सांगितलं. मी घरी येईपर्यंत एकच विचार करत होते. पाय बाहेर आणि डोळे आत, हे तेव्हाही होतंच.

यांची सुट्टी आता रविवारी असते. 2022 मध्ये तिकडच्या सरकारनं आठवड्याची सुट्टी बदलली तशी यांच्या कंपनीनंही बदलली. रविवारी मी कॉल लावला आणि सगळं सांगितलं, फडक्याचं खोटंसुद्धा.

हे आधी चिडले. "माझ्या पैशानं बांधलेलं घर. मी माझ्याच घरात बघतो."

"घर तुमचं," मी म्हटलं, "पण घरात आलेल्या बायका तुमच्या नाहीत."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथे आठ माणसं एका खोलीत राहतो. माझी म्हणून एक खाट आहे, तिला पडदा लावलाय. ड्यूटीवरून आलो की पडदा ओढतो आणि कॅमेरा लावतो. तू काही करत नसलीस तरी चालतं. अम्मी तसबीह घेऊन बसलेल्या दिसतात, बस. तेवढंच माझं घर आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दोघांचं म्हणणं खरं होतं, आणि त्या रात्री कॅमेरा जिथे होता तिथेच राहिला.

फैसला झाला तो वेगळ्याच बाजूनं. आमची मुलगी पनवेलला फार्मसी शिकते, हॉस्टेलवर राहते. तिला पाठवताना मी एक अट घातली होती: फोनमधलं लोकेशन मला कायम दिसलं पाहिजे. दिवसातून दहापंधरा वेळा मी नकाशा उघडायची. निळा ठिपका कॉलेजात, ठिपका हॉस्टेलवर, ठिपका बाजारात. एकदा ठिपका थेट पनवेलच्या खाडीत दिसला आणि माझे हातपाय गार पडले. मुलगी लायब्ररीत बसलेली होती. इमारतीच्या आत फोनला उपग्रह नीट मिळत नाहीत, मग तो टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधतो, असं तिनंच मला समजावलं. पण अंदाजानं दाखवलेल्या ठिपक्यावरूनही मी तिला खऱ्याखुऱ्या प्रश्नांत पकडायची.

त्या कॉलनंतर दोनतीन दिवसांनी मी तिला विचारलं, "काल संध्याकाळी स्टेशनजवळ चाळीस मिनिटं काय करत होतीस?"

ती म्हणाली, "रडत होते. एका विषयात नापास झाले. खोलीत बाकीच्या मुली होत्या, म्हणून बाहेर जाऊन बसले. अम्मी, तू अब्बांना कॅमेऱ्याबद्दल काय काय बोललीस ते दादीनं मला सांगितलंय."

सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याची टेहळणी, मना केली आहे. हे मी दर्समध्ये दुसऱ्या बायकांना समजावून सांगितलेलं आहे. माझी मुलगी नापास झाली, ती एकटी बाकावर बसून रडली, आणि मला चाळीस मिनिटं दिसली. रडणं दिसलं नाही. ठिपका रडत नाही.

आम्ही दोघींनी मग ठरवलं. एसटीनं घरी येताजाताना आणि अंधार पडल्यावर बाहेर असेल तेव्हा लोकेशन चालू, एरवी बंद. पहिल्या आठवड्यात माझं बोट आपोआप नकाशावर जायचं आणि तिथे ती नसायची. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. अजूनही वाटते. आई झाल्यावर भीती कोणत्या सेटिंगमध्ये बंद करायची, ते अजून कोणी मला दाखवलेलं नाही. पण फोन आता ती स्वतःहून करते, आणि त्या विषयाची परीक्षा पुन्हा कधी आहे ते मला तिच्याच तोंडून कळलं.

हे सगळं मी यांना सांगितलं. माझी बाजू जिंकावी म्हणून नाही; मी पण तेच करत होते, हे कबूल करायला. हे हसले. म्हणाले, "म्हणजे आपण दोघंही चौकीदार." आणि मग स्वतःच म्हणाले, "कॅमेरा पडवीत लाव. अंगण दिसू दे. पाऊस येईल आता."

मुलानं स्टूलवर चढून कॅमेरा पडवीच्या खांबाला लावला. आता त्यात अंगण, गेट, विहिरीचा कठडा आणि वादळातून वाचलेला एकच हापूस दिसतो. अम्मींनी आपली खुर्ची माजघरातून उचलून पडवीत आणली. कोणी सांगितलं नव्हतं. तसबीह घेऊन त्या रोज संध्याकाळी तिथेच बसतात. भाभी एक दिवस पुढच्या दारानं आल्या, उंबऱ्यावर थांबून भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळ्याचं भोक राहिलंय. मग आत येऊन बसल्या.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा दुबईत उन्हानं जीव नकोसा झालेला होता. हे अर्धा तास नुसतं अंगण बघत होते. मधेच म्हणाले, "उजवीकडच्या कोपऱ्यातलं कौल सरकलंय, पाणी भिंतीवर येतंय." खरंच सरकलं होतं, आम्हाला दिसलं नव्हतं.

आणि आता कॅमेरा उघडला की हे आधी सलाम करतात, मग थांबतात. कधी अम्मी जवाब देतात, कधी मी. परवा भरदुपारी सगळे आत झोपलेले असताना पडवीतून यांचा सलाम ऐकू आला. खुर्चीवर फक्त मांजर होतं. मी उठून दारापर्यंत जाते न जाते तोच हे म्हणाले, "झोप, झोप. मी नंतर येतो."