आधी कान, मग काच

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डबल काचेच्या खिडकीचा स्क्वेअर फुटाला दर काय?" दर मी लगेच सांगत नाही. कुठली खोली, खिडकीचं तोंड कुठे, त्रास आवाजाचा की उन्हाचा की धुळीचा, आवाज असेल तर हॉर्नचा की इंजिनाचा, एवढं आधी विचारून घेतो. काही जण वैतागतात. पण त्रास वेगळा असेल तर खिडकीही वेगळी लागते, आणि भरपूर पैसे मोजूनही झोप न मिळालेली माणसं मी इतकी पाहिलीत की विचारल्यावाचून राहवत नाही.

दोन काचांमध्ये हवा कोंडायची युक्ती थंडीवरची. अमेरिकेत स्टेटसन नावाच्या गृहस्थांनी १८६५ साली तिचं पेटंट घेतलं. सहा मिलिमीटरच्या एकेरी काचेतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरमागे साधारण ५.७ वॅट उष्णता जाते. बारा मिलिमीटर हवा सोडून दुसरी काच लावली की हा आकडा २.८ वर येतो. बाहेर शून्य आणि घरात वीस असतं, तिथे याची किंमत फार मोठी. ठाण्यात एसी २५ वर लावलाय आणि बाहेर ३३ आहे, तर फरक आठच अंशांचा. आपल्याकडे छळतं ते पश्चिमेचं ऊन, आणि साध्या पारदर्शक डबल काचेतूनही उन्हाची सुमारे ७० टक्के उष्णता आत येतेच. त्यामुळे उन्हाची तक्रार असेल तर मी आधी छज्जा बघतो, बाहेरून चिक टांगता येईल का ते बघतो, कारण ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधी अडवलेलं बरं. ते जमत नसेल तर लेप दिलेली लो-ई काच. तिचा लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. काच बसली की मी खोलीत उभा राहून तिच्यासमोर लायटर पेटवतो. दोन काचांची चार अंगं, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, आणि लेपावरच्या प्रतिबिंबाचा रंग वेगळा असतो. आपल्याकडून मोजत गेलं की ते तिसरं यायला हवं. दुसरं आलं तर काच उलटी बसलीय, काढून फिरवा.

आवाजाची गोष्ट मात्र निराळी, आणि माझी बरीचशी कामं आवाजाचीच. मागे एका काकूंकडे गेलो होतो. रस्त्याकडची बेडरूम, तिसरा मजला, जुनी अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. त्यांच्याकडे एकाचं कोटेशन आलेलं होतं: यूपीव्हीसीची सरकती खिडकी, पाच मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये बारा मिलिमीटर हवा. मी म्हटलं, "काकू, रात्री अकरानंतर येऊ का? दिवसा मला तुमचा त्रास कळणार नाही." त्या म्हणाल्या, "या की. झोप नसतेच मला."

रात्री गेलो, पंखा बंद करायला सांगितला आणि उदबत्ती मागून घेतली. खिडकी घट्ट लावलेली होती. तरी दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे धूर सरळ आत वाकला. खालच्या ट्रॅकपाशी तर तो जमिनीला समांतर झाला. मग चौकट आणि ग्रॅनाइट यांच्या सांध्यावरून उदबत्ती फिरवली. वरच्या कोपऱ्यात सिलिकॉन सुटलेलं, आणि त्यामागे नुसती पोकळी. काकू चष्मा लावून धुराकडे बघत होत्या. "म्हणजे काच बदलून काय होणार होतं?" त्यांनीच विचारलं.

फार काही होणार नव्हतं. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी काच कितीही भारी लावा, अडवणूक वीस डेसिबलच्या पुढे जात नाही. सरकत्या खिडकीत पल्ला सरकावा म्हणून ब्रशच्या पट्ट्या असतात, आणि ब्रशमधून हवा जाते तसा आवाजही जातो. म्हणून आवाजासाठी मी शक्यतो बिजागरीचीच खिडकी सुचवतो. तिचं कुलूप चारपाच ठिकाणी धरतं आणि पल्ला रबराच्या गॅस्केटवर दाबून बसतो. हे गिऱ्हाईकाला पटवायला वेळ लागतो, कारण पडदा सरकवावा लागतो, पलंग हलवावा लागतो. मी तरीही सांगत राहतो.

दुसरी गोष्ट खर्जाची. रात्री जड ट्रक चढ चढतो तेव्हाचा आवाज मुख्यतः खर्जातला. आवाज मोजायचा साधा मीटर माणसाच्या कानाप्रमाणे मोजायचं म्हणून खर्जाला कमी लेखतो, शंभर हर्ट्झला तर जवळजवळ १९ डेसिबल वजा करतो. त्यामुळे फोनमधलं अॅप बरा आकडा दाखवतं आणि छातीत घुमणं चालूच राहतं. सहा-बारा-सहाची डबल काच नेमकी इथेच कमी पडते. दोन काचा आणि मधली हवा मिळून साधारण २०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमायला लागतात, आणि तिथे तेवढ्याच वजनाची एक जाड काच जास्त काम करते. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या तर दोघींची कमजोरीही एकाच सुरावर येते, सहा मिलिमीटरला ती दोन हजार हर्ट्झच्या आगेमागे असते. म्हणून एक जाड, एक पातळ, आणि त्यातली एक लॅमिनेटेड घ्यावी. लॅमिनेटेड काचेतला मधला पीव्हीबी प्लास्टिकचा थर काचेचं थरथरणं खाऊन टाकतो.

काकूंच्या घराची भिंत नऊ इंची होती, ही मोठी सोय. जुनी खिडकी काढायची नाही, तिची दुरुस्ती करायची, आणि आतल्या बाजूला शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर सोडून लॅमिनेटेड काचेची बिजागरीची दुसरी खिडकी बसवायची, असं ठरवलं. खर्जाला अंतर लागतं, बारा मिलिमीटरची पोकळी त्याला पुरत नाही. नव्या टॉवरांत भिंती पातळ असतात, तिथे हा मार्ग बहुधा बंद असतो.

माप घेताना मी घाई करू देत नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंचीही तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण, मग गुण्या आणि ओळंबा. सगळ्यांत लहान माप धरायचं. सहा मिलिमीटरच्या दोन काचा चौरस मीटरला तीस किलो भरतात. चौकट ओळंब्यात नसेल तर ते वजन बिजागरीला ओढतं, वर्षभरात पल्ला खाली घासतो आणि गॅस्केट एका बाजूला सुटतं. चौकटीभोवतीची फट नुसत्या फोमने भरणं मला मान्य नाही. फोम हलका असतो, वजनाशिवाय आवाज अडत नाही. जमेल तिथवर सिमेंटचा माल, आणि दोन्ही अंगांनी सीलंट.

पावसाळ्याआधी एक गोष्ट आवर्जून बघतो: चौकटीच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं. पाणी आत येतंय असं वाटून कुणीतरी त्यांत सिलिकॉन भरतं. मग पाणी पट्टीतच साचतं, काचेची कड त्यात बुडून राहते, ब्युटिलचं सील हळूहळू सुटतं. कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. ते तृप्त झाले की दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. ते आतून पुसता येत नाही आणि बाहेरूनही नाही. अख्खं युनिट बदलावं लागतं.

महिन्याभराने काकूंनी फोन करून सांगितलं की ट्रक अजून ऐकू येतो, पण जाग येत नाही. मी त्यांना लगेच विचारलं, "रात्री हवा कुठून घेता?" स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. इतकी घट्ट खिडकी लावल्यावर अंगणाकडची एखादी खिडकी किलकिली ठेवायलाच हवी. हे बसवणाऱ्याने न विचारता सांगायचं असतं.

त्यांच्या मुलाला मग बाथरूमचीही तशीच खिडकी हवी होती, झुरळं येतात म्हणून. बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता. मी नाही म्हटलं. गॅस जळताना खोलीतला प्राणवायू खातो, आणि हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी गीझर बाहेर काढा किंवा विजेचा घ्या, मग खिडकीचं बघू, असं सांगितलं. तोवर तिथे काचेच्या उघड्या पट्ट्यांची जुनी खिडकीच राहू दिली आणि बाहेरून बारीक जाळी ठोकून दिली.