डुगडुगते चाक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आर्वीत तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवतात आणि दोरीने ओढत मिरवायला नेतात. यंदा नागपूरहून आलेल्या माझ्या नातीच्या नंदीचे मागचे चाक ऐन वेळी सैल झाले. तिने फर्मान सोडले, "आजोबा, हे व्हील वॉबल करतंय!"

"वॉबल नव्हे, डुगडुगतंय म्हण," मी म्हणालो.

झाले! इंग्रजी शाळेतल्या त्या विदुषीने माझीच शिकवणी सुरू केली. अळी करते ते विगल, कुत्र्याची शेपटी करते ते वॅग, बदक चालते ते वॅडल आणि ताटलीतली जेली हलते ते जिगल!

साहेबाने गंमतच केली आहे. 'वॅग'ला 'ल'चे शेपूट लावले की 'वॅगल' होते. तीच हालचाल पुन्हा पुन्हा होऊ लागते. आपण शेपूट लावीत नाही. शब्दच दोनदा हलवतो. मग मीही पोतडी सोडली. अळीची वळवळ, पानाची सळसळ, नुकत्याच पाय फुटलेल्या पोराचे दुडुदुडु धावणे. बदक डुलत जाते. कुत्रा शेपटी हलवतो, पण आमचा गवळाऊ बैल शेपटीने माश्या वारतो. आणि १९१७ साली सुरू झालेली आमची पुलगाव-आर्वी छोटी गाडी? ती हेलकावे खात यायची.

"कुठाय ती?" नातीने विचारले.

"बंद पडली," मी म्हणालो, आणि हातोडी उचलली.

खिळ्यावर नेम काही बसेना. गेल्या वर्षापासून माझा उजवा हात कापतो. डॉक्टर त्याला 'ट्रेमर' म्हणतात. घरातली माणसे काहीच म्हणत नाहीत. चहाचा कप मुकाट्याने अर्धाच भरून देतात. त्या अर्ध्या कपाचे मला फार वाईट वाटते.

नात टक लावून पाहत होती. म्हणाली, "आजोबा, तुमचा हातपण विगल करतोय." मग किंचित विचार करून तिने दुरुस्ती केली, "नाही, नाही! डुगडुगतोय!"

वर्षभरात प्रथमच त्या हाताकडे पाहून मला हसू आले. तिने खिळा धरला, मी हातोडी मारली.

चाक अजून थोडे डुगडुगते. पण नंदी मिरवून आला!