सतरा हजारांचा आजार आणि डायरीची पट्टी

आज राजकारण नाही. आज माझ्या लॅपटॉपची गोष्ट. पण शेवटपर्यंत वाचा, तुमच्याही कामाची आहे.

माझ्याकडे उलटा दुमडला की टॅबलेट होणारा, सेकंडहँड लॅपटॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याला रोग लागला. बातमी लिहिता लिहिता स्क्रीन काळी. परत चालू केला तर कधी कधी कीबोर्ड मुका, पण बोटानं स्क्रीन चालते. एका संध्याकाळी वस्तीवर टँकर न आल्याची बातमी लिहीत होतो. तिसऱ्यांदा स्क्रीन गेली, पान सुटलं, बातमी राहिली. ती लागली दोन दिवसांनी, आणि टँकर गेला त्यानंतर. वस्तीवरच्या मावशी भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "दादा, तुमच्या मशीनपायी दोन दिस वाट बघितली." ते अजून टोचतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीला दिला. तिथं चार दिवसांत एकदाही बंद पडला नाही. तरी निदान तयार: "बोर्ड बदला, सतरा हजार." ग्रामीण पत्रकाराचं मानधन तुम्हाला माहीतच आहे.

शेवटी बाजारपेठेतल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो. त्यानं पेचकस उचललाच नाही. म्हणाला, "सर, घरी लिहायला जसं बसता तसं बसा." बसलो. सवयीनं पतसंस्थेची भेट डायरी कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली. स्क्रीन काळी! डायरी उचलली, स्क्रीन हजर. डायरीच्या बंद करायच्या पट्टीत लोहचुंबक होतं.

झाकण मिटलं हे लॅपटॉपला डोळ्यांनी दिसत नाही. बहुतेक मशीनमध्ये झाकणात चुंबक आणि खाली हॉल सेन्सर असतो. एडविन हॉलनं 1879 मध्ये शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. चुंबक जवळ आलं की मशीन समजतं, झाकण मिटलं, झोपा. दुमडणाऱ्या लॅपटॉपमध्ये पूर्ण उलटा केल्याचंही असंच कळतं, आणि मग कीबोर्ड मुद्दाम बंद होतो. म्हणजे माझं मशीन बरोबर होतं, फसवत होती डायरी.

तुमचंही असं होत असेल तर आधी फोनचं कव्हर, घड्याळाचा चुंबकी पट्टा, डायरी लांब ठेवा. मग सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'काहीच करू नका' निवडा. तरीही झाकण हलवताना स्क्रीन जात असेल तर बिजागरीतली केबल बघायला सांगा. बोर्ड सगळ्यात शेवटी.

आता सार्वजनिक प्रश्न. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 ला 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत हा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे, पण आपल्या पेठेतल्या त्या पोरापर्यंत नकाशे आणि सुटे भाग पोहोचले पाहिजेत. नाहीतर चांगली मशीन भंगारात जातील आणि आपण हप्ते भरत बसू. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या कपाटात 'खराब' म्हणून पडलेले लॅपटॉप निर्लेखित करण्याआधी एकदा तरी कुणी उघडून बघितलेत का? तुमच्या गावात विचारा, कमेंटमध्ये कळवा.

आणि हो, त्या पोरानं पैसे घेतले नाहीत. चहा मात्र त्यानंच पाजला. वीस वर्षं प्रश्न विचारून पोट भरतोय मी, पण योग्य प्रश्न त्या दिवशी त्यानं विचारला.