घोंगडीचा काळा

सिरसाळ्याच्या शिवारात जमिनीलाच ‘काळी’ म्हणतात. तीही पावसात एक आणि उन्हात भेगाळली की दुसरी. तरीही एकाच फाइलचे तीन इंकजेट छापे तीन तऱ्हेचे काळे निघाले, तेव्हा आम्ही भावंडे चक्रावलो.

छायाचित्र आजोबांचे, घराण्यातले एकमेव. खांद्यावर घोंगडी, मागे अंधारलेली ओसरी. सिरसाळ्यात काढलेल्या छाप्यात काळ्यावर हिरवट झाक होती. तिथे बहुधा रंगीत शाया मिसळून काळा साधला असावा. परळीचा, चकचकीत कागदावरचा, कोळशासारखा. पुण्याचा, मॅट कागदावरचा, त्यामानाने करडा.

छपाईत ही मात्रा घनतेच्या आकड्याने सांगतात. तो आकडा लॉगरिदमचा, म्हणून फसवा. घनता २.० म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी १ टक्का परत येतो. चांगल्या चकचकीत कागदावर २.२ गाठता येते, म्हणजे जेमतेम ०.६ टक्का. मॅटवर १.६च्या आसपास, म्हणजे अडीच टक्के. आकड्यात फरक थोडका, प्रकाशात चौपट! कोरड्या ढेकळासारखा मॅट कागद प्रकाश चहूकडे विखुरतो. गुळगुळीत कागद तो एकाच दिशेला फेकतो आणि डोळ्याला काळोख तेवढा उरतो. रंगकणांची शाई वापरणाऱ्या अनेक यंत्रांत तर दोन्ही कागदांसाठी वेगवेगळी काळी शाई असते.

आमचा कौल अर्थातच परळीला होता. आत्याने मात्र ती प्रत अंगणातल्या उजेडात नेली.

“घड्या कुठं गेल्या रं ह्याच्यातल्या? अन् अण्णाची घोंगडी इतकी काळी कधी होती? उन्हानं पार तांबूस पडली होती.”

पाहिले तर खरेच घोंगडी आणि ओसरी एक झाली होती. करड्या वाटलेल्या पुण्याच्या प्रतीत मात्र घडी न् घडी, खांद्यावरचा ताणसुद्धा सुटा दिसत होता. काळा किती गडद, हा एक प्रश्न. काळ्यातले काळे वेगळे राहते का, हा दुसरा. यंत्र निवडताना पहिल्याचाच आकडा दाखवतात.

शिवाय भिंतीवर तसबीर जाते काचेमागे. साध्या काचेचा पुढचा पृष्ठभागच सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. दारासमोरच्या भिंतीवर ०.६ आणि अडीच यांचा वाद त्या झळाळीतच बराचसा विरतो. बुडालेल्या घड्या मात्र कोणत्याही काचेतून वर येत नाहीत.

आत्याने पुण्याची प्रत नेली. धाकट्याला अजूनही परळीचीच आवडते.